अडीचच्या जागी पाच

४ मार्च

दादा,

पत्ता वहिनीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते. तू माझा फोन उचलत नाहीस. उचलला असतास तरी मी पहिल्या मिनिटात काहीतरी तिरकस बोलले असते आणि तू ठेवून दिला असतास. कागदावर निदान खोडता येतं.

आई बरी आहे, असं लिहिलं आणि खोडलं. आई बरी नाही, असं लिहिलं, तेही खोडलं. झालंय असं की आईच्या पेसमेकरची बॅटरी संपत आली आहे. मागच्या मंगळवारी तपासला तेव्हा स्क्रीनवर तसा निरोप आला. तो आला की साधारण तीन महिने हातात असतात, आणि यंत्र आपणहून काटकसरीला लागतं. ठोके मिनिटाला पासष्टवर आणून ठेवतं आणि बाकीचे लाड बंद. त्यामुळे आई जिन्यात आता दोनदा थांबते. थांबून कठड्यावर हात फिरवते, जणू कठडा नीट बसवलाय का ते बघायलाच थांबली आहे. तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून काढलेली बाई ती. तिला दमलेलं बघायची परवानगी कोणालाच नाही.

बॅटरी बदलायची म्हणजे अख्खी डबी बदलायची, कारण बॅटरी आत कायमची बंद केलेली असते. हृदयात गेलेल्या तारा त्याच राहतात. तासाभराचं काम आहे. मी आमच्या इस्पितळात अशी शेकडो माणसं दुसऱ्या दिवशी चहा पिऊन घरी गेलेली पाहिली आहेत.

आई नाही म्हणते आहे. ठाम. डॉक्टरबाईंनी समजावलं, मी समजावलं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी येऊन स्वतःच्या छातीवरची खूण दाखवली. आईचं एकच म्हणणं, दहा-बारा वर्षं चालेल म्हणून बसवलं ते सहा वर्षांत बसलं, आता दुसरं घालून पुढच्या सहा वर्षांनी पुन्हा चिरून घेऊ का? तेव्हा मी ऐंशीची असेन. मी एकदा फसले, तेवढं पुरे.

तिचं हृदय स्वतःहून जवळजवळ चालत नाही, हे तुला माहीत आहे. डबी थांबली की तीही थांबणार. तेव्हा तीन महिने म्हणजे खरोखरच तीन महिने.

म्हणून लिहिते आहे. माझं ती ऐकत नाही. तू सांगितलंस तर कदाचित ऐकेल. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर जे झालं ते मी उगाळत नाही. सहा वर्षांपूर्वी दोन डब्यांमधून तू लहान निवडलीस, आईच्या अंगावर मांस नाही, मोठी कातडीखालून टोचेल, असं म्हणालास, तेव्हा डॉक्टरबाईंनीही मान डोलावली होती. चूक कोणाची होती ते आता जाऊ दे. आपलेच दात, आपलेच ओठ.

एकदा फोन कर तिला. दुपारी चार ते पाच ती एकटी असते.

तुझी शेपूट
(लहानपणी सगळी गल्ली मला तुझी शेपूट म्हणायची. आता ही सही करायचा हक्क राहिला आहे का, कोण जाणे.)

१५ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी ते जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या खोलीत वाचलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला दहा मिनिटं उशीर केला.

तू लिहिलंस, "माझ्या हट्टापायी तिचं आयुष्य अर्ध्यावर आलं. आता कुठल्या तोंडाने सांगू की दुसरं बसव. ती माझं ऐकेल असं तुला वाटतं, पण माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही."

मला वाटलं होतं तू आमच्यावर रागावला आहेस. तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं, कारण रागावलेला माणूस निदान स्वतःला बरोबर समजतो. तू दोन वर्षं तिकडे बसून स्वतःलाच दोष देत असशील, हे माझ्या मनात आलं नाही. किंवा आलं आणि मी त्याला बसायला जागा दिली नाही.

तर ऐक. मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. तू निवडलेली डबी चांगली होती. अगदी चांगली होती.

तुला हे कधी नीट सांगितलंच नाही, म्हणून आता सांगते. पेसमेकर प्रत्येक ठोक्याला हृदयाला विजेची एक टिचकी मारतो. ती किती जोरात मारायची हे बाहेरून ठरवता येतं, आणि ते ठरवणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. छातीवर एक चकती ठेवायची आणि स्क्रीनवरचा आकडा वरखाली करायचा. यंत्र नवीन असताना पहिले तीन महिने टिचकी मुद्दाम जोराची ठेवतात. तारेचं टोक जिथे रुतलेलं असतं ती जागा सुजलेली असते, हळू मारलेली टिचकी तिथे पोचत नाही. तीन महिन्यांत सूज उतरते. मग आम्ही बघतो, कमीत कमी किती व्होल्टला हृदय उत्तर देतं. आईचं पाऊण व्होल्टला देत होतं. त्यावर भरपूर राखीव धरून अडीच ठेवायचे, हा आमच्याकडचा नियम. पाच ठेवले तरी ठोका तोच पडतो, तसूभर जास्त नाही. पण टिचकीला वीज दुप्पट लागत नाही, चौपट लागते. आणि आईचे तर दिवसाचे लाखभर ठोके, सगळेच्या सगळे त्या डबीने मारलेले.

आईची डबी सहा वर्षं पाचवर चालली. मी चालवली.

आता हे लिहून झालं, तर बाकीचंही लिहिते.

घरच्या माणसाच्या यंत्राला आपण हात लावायचा नाही, असा आमच्यात नियम आहे. तो मी पहिल्याच दिवशी धाब्यावर बसवला. दुसरी टेक्निशियन आईला "आजी" म्हणाली होती आणि आईने तिच्याकडे असं पाहिलं होतं की बिनतिकिटाचा माणूस मधल्या स्टॉपवर उतरून गेला असता. म्हटलं, त्यापेक्षा मीच करते. तीन महिन्यांच्या तपासणीला मीच पाचाचे अडीच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात पडली.

तुला आठवत असेल, साबणावरून घसरली असं आपण सगळ्यांना सांगितलं. ती साबणावरूनच घसरली होती. त्याच दुपारी मी तिला खोलीत आणून पुन्हा तपासलं, हृदय अजूनही पाऊण व्होल्टलाच उत्तर देत होतं. डोक्याला पटलं. पण मी तिला फरशीवर आडवी पाहिली होती, दादा, आणि आदल्या दिवशी माझ्याच बोटाने तो आकडा खाली आला होता. मी पुन्हा पाच केले. म्हटलं, आठवडाभर राहू दे.

आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. दर वेळी खाली आणायला बोट पुढे करायची आणि ती फरशी दिसायची. वहीत मात्र अडीचच लिहिलेले राहिले. डॉक्टरबाई वर्षातून एकदा तिला बघायच्या. त्या दिवशी सकाळी मी अडीच करून ठेवायची आणि त्या गेल्या की पुन्हा पाच. आईला म्हणायची, "जरा बस, एक शेवटचं बघते." ती बसायची. तिला मी करते त्याचा अभिमान वाटायचा.

मग चौथ्या वर्षी डॉक्टरबाईंनी बॅटरीचा अंदाज पाहिला, दोन वर्षं. समोर आकडा अडीचचा, आणि दहा-बारा वर्षांची बॅटरी सहातच संपणार. त्या म्हणाल्या, "या मॉडेलची बॅटरीच खराब लागलेली दिसते." मी मान हलवली. फक्त हलवली, तोंडाने काही बोलले नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

पण त्या रविवारी जेवताना मी तोंडाने बोलले. "लहान डबी, लहान बॅटरी. दादाला सांगणार कोण?" हे माझं वाक्य. त्यावर आई तुला म्हणाली, "माझ्या जिवावर प्रयोग केलास." आणि तू ताट तसंच ठेवून उठलास.

आता तुला कळलं. तुझी काही चूक नव्हती. काहीसुद्धा.

सही करवत नाही.

२४ मार्च

दादा,

"आईला सांगितलंस का?"

एवढंच लिहून पाठवलंस. ना मायना, ना सही. शाळेत बाई वहीवर लाल शेरा मारायच्या तसं. मी तो कागद चुरगाळला आणि मग सरळ करून पर्समध्ये ठेवला.

नाही सांगितलं. सांगणं सोपं आहे असं तुला वाटतं का? तू तिकडे आहेस. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पिते. आपल्या घरात आता आम्ही दोघीच, तिला राग आला तर जायला दुसरी खोलीसुद्धा धड नाही.

ती आता जिन्यात चारदा थांबते. काल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलीच. मी धावत खाली गेले तर म्हणाली, बुटाची नाडी सुटली होती. पायात चप्पल होती.

आणि ती कपाट आवरते आहे. बाबांचे चष्मे एका डब्यात घातले. तिच्या नोकरीतली कागदपत्रं फाडली. चांगल्या साड्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत, कोणती कोणाला. वहिनीला निळी आहे. तुझ्या नावाची चिठ्ठी कुठे दिसली नाही. मी शोधली, खोटं कशाला बोलू.

मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला तर हसली. म्हणाली, लोक म्हणतात नाचता येईना अंगण वाकडं, माझ्या नशिबात खरंच वाकडं अंगण आलं, त्यावर दुसऱ्यांदा कशाला नाचू? मी तिथे बसून तिच्या चिठ्ठ्यांना डिंक लावत होते. तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर भाजीला मीठ घातलंस का.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. ठोकेही मीच वहीत न लिहिता वाढवले होते, मिनिटाला साठाचे ऐंशी. त्यानेही बॅटरी जास्त खर्च होते, आणि त्याला भीतीचं निमित्त नव्हतं. तिला दमल्यासारखं वाटतं म्हणाली म्हणून केले, आणि ती जिना चढून वर आली ती गाणं गुणगुणत. शेजारपाजारी सांगत सुटली, लेकीने मला पळती केली. मला ते ऐकायला फार आवडायचं. तू लहानपणापासून हुशार, तू शिष्यवृत्तीवाला, तू यंत्रं निवडून देणारा. माझं कौतुक तिच्या तोंडून असं गल्लीभर पहिल्यांदाच होत होतं.

आणखी एक. ऑपरेशन झालं तर जुनी डबी तपासायला कंपनीकडे जाईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आत सगळ्या नोंदी असतात, कोणत्या तारखेला किती व्होल्ट. म्हणजे मी पकडली जाणारच आहे. तू म्हणशील, चोर सापडायच्या बेतात आला म्हणून कबुली देतो आहे. अर्धं तसंच आहे. उरलेल्या अर्ध्याचं श्रेय मला दे.

आणि हेही लक्षात घे की ऑपरेशन झालंच नाही तर डबी आईबरोबरच जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

रविवारी सांगते.

२ एप्रिल

दादा,

रविवारी सांगितलं नाही. काल सांगितलं.

ती जेवणाच्या टेबलाशी बसून जुनी पाकिटं निवडत होती. मी समोर बसले आणि जे तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, त्याच क्रमाने. टिचकी, अडीच, पाच, न्हाणीघर. माझं झाल्यावर तिने पाकिटं एकावर एक नीट रचली आणि विचारायला सुरुवात केली. बसमध्ये विचारायची तशी, आवाज न चढवता. कधीपासून? वहीत काय लिहिलंस? डॉक्टरना माहीत आहे? आणखी कोणाला? मी म्हटलं, दादाला, पंधरा दिवसांपूर्वी.

"म्हणजे यंत्र चांगलं होतं."

"हो."

"मग त्याने काय वाईट केलं होतं?"

मला वाटलं आता संपलं, आता ती रडेल किंवा मला घरातून जा म्हणेल, दोन्हींची माझी तयारी होती. तिने तिसरंच विचारलं.

"तो घर सोडून गेला. त्यानंतर तरी कमी केलंस ना?"

तीस वर्षांत आईने कोणाच्या खिशाची झडती घेतली नाही, नुसता चेहरा बघून तिला कळायचं. मी खाली बघितलं आणि तिला कळलं. पण तिने माझ्याकडून वदवून घेतलं. ते तुलाही लिहिलं नव्हतं, आता लिहिते.

तू गेल्यावर दोन दिवसांनी मी खरोखर अडीच केले. ठोकेही साठावर आणले. तू ताट टाकून गेल्यावर मला माझीच शिसारी आली होती. आणि दादा, आई पडली नाही, तिला काही झालं नाही. बॅटरीचा अंदाज लगेच बदलत नाही, थोडे दिवस जावे लागतात. महिन्याभराने मी पाहिलं तर दोनाची साडेचार वर्षं झाली होती. म्हणजे डबी आणखी साडेचार वर्षं चालली असती. एकूण साडेआठ.

मी त्या स्क्रीनसमोर बसून राहिले. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई हा आकडा बघणार, आणि खराब बॅटरी सुधारली कशी म्हणून विचारणार. मग सगळं उलगडणार, वही, खोटे अडीच, माझी नोकरी. तुझं निर्दोष असणंही त्याच आकड्यात होतं. मी चकती पुन्हा आईच्या छातीवर ठेवली आणि पाच केले. ऐंशीही केले. त्या वेळी मला आईच्या जिवाची भीती नव्हती, माझ्या अब्रूची होती. पहिली चार वर्षं मी घाबरून तिची बॅटरी जाळली. शेवटची दोन माझं खोटं टिकवायला जाळली.

हे मी आईला असंच सांगितलं. आता तुला.

ती उठली. टेबलाला धरून उठावं लागलं तिला. मी हात पुढे केला तर तिने घेतला नाही. म्हणाली, "घाबरून केलंस ते मला कळतं. मी तुम्हाला दोघांना वाढवलंय, भीती काय असते ते मला सांगू नकोस. पण त्याच्या पाठीवर ओझं टाकून तू दोन वर्षं माझ्यासमोर जेवलीस."

मग आत गेली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, डॉक्टरांना सांग मी तयार आहे. यंत्र चांगलं असेल तर प्रश्नच नाही. आणि तू त्या खोलीत असायचं नाहीस.

मी तिला म्हटलं, दादाला फोन लावून देऊ का? म्हणाली, माफी फोनवर मागत नाहीत.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दूध आलं का. दार लाव.

१० एप्रिल

दादा,

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी वही मागितली, पानं उलटली, आणि विचारलं, "तुझ्या आईच्या डबीवरून मी दोन वर्षं हे मॉडेल कोणाला बसवलं नाही, हे तुला ठाऊक होतं का?" होतं. किती बारीक अंगाच्या माणसांना मोठी डबी घातली गेली असेल, ते मी मोजलं नाही. चौकशी बसली आहे. तोपर्यंत मला तपासणीच्या खोलीत मज्जाव, आणि बसायला नोंदणीची खिडकी. काचेला भोक आहे, त्यातून माणसं वाकून नाव सांगतात. पहिल्या दिवशी माझ्याच जुन्या पेशंटनी विचारलं, ताई, तुम्ही इथे कशा? मी म्हटलं, बदली.

नवी डबी तीच, लहान. आईने डॉक्टरबाईंना निक्षून सांगितलं, माझ्या मुलाने निवडली होती तीच द्या. तारा जुन्या आणि मुरलेल्या असल्यामुळे या वेळी पहिल्या दिवसापासून अडीच व्होल्ट आणि साठ ठोके. आकडे लावणार दुसरी टेक्निशियन, तीच, आजी म्हणणारी. आईने तिला आजी म्हणू दिलं.

हे सगळं तुला वहिनीकडूनही कळलं असतं. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

काल आई भरती व्हायच्या नोंदणीसाठी आली. खालचे काका सोबत होते. रांगेत उभी राहिली, मी उठून बाहेर जायला लागले तर तिने हातानेच बस म्हणून खूण केली. तिचा नंबर आल्यावर ती काचेच्या भोकाशी वाकली, आणि मला सगळ्यांना विचारतात तेच तिला विचारावं लागलं. नाव. वय. पत्ता. आपला पत्ता तिने पूर्ण सांगितला, मजल्यासकट, आणि मी तो लिहून घेतला. पूर्वी काही ऑपरेशन? औषधांची ॲलर्जी? तिने उत्तरं दिली. जोर लागत होता बोलायला, तिचा हात काउंटरवर टेकलेला होता.

मग जवळच्या नातेवाईकाचा रकाना आला. संमतीच्या कागदावर सही करायला आणि काही झालं तर कळवायला. मी पेन टेकवलं आणि सवयीने माझंच नाव लिहायला लागले होते. ती म्हणाली, "थांब. विचार मला."

मी विचारलं, जवळचे नातेवाईक?

तिने तुझं नाव सांगितलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट. नातं विचारलं तर म्हणाली, मुलगा. फोन नंबर तिने चिठ्ठीवर लिहून आणला होता.

त्याखाली आणखी एक रकाना असतो, दुसरे नातेवाईक असल्यास. मी तोही विचारला, कारण विचारावाच लागतो. मागे रांग होती, काका घड्याळ बघत होते. आई काचेतून माझ्याकडे बघत राहिली. दादा, त्या दिवसानंतर तिने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

म्हणाली, "तो रिकामा ठेव. तो आला की त्याला विचार. तो म्हणाला तर तुझं नाव लिही."

रकाना रिकामा आहे. ऑपरेशन सोमवारी नऊला आहे. तुझी सही झाल्याशिवाय तिला आत घेणार नाहीत. खिडकी सात वाजता उघडते, मी तिथेच असेन. तू सांगशील ते लिहीन.